अकरा पाचुंदे

गुरुजी,

तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, तरी आज तुमच्याशी भांडायचं आहे. वडगाव रासाईच्या शाळेत मी तिसरीला होते. फळ्यावर अडतीस अधिक सतरा लिहून तुम्ही मला उभं केलंत. मी बोटं मोजत म्हणाले, "सात पाचुंदं वर तीन, आन् तीन पाचुंदं वर दोन. वरच्या तीन न् दोनाचं आनिक एक, झाली की अकरा पाचुंदं. पंचावन्न." आमच्या घरी कडब्याच्या पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा धरत. आप्पा गंजी रचायचे आणि खालून पेंढ्या मोजून द्यायचं काम माझं. पाच म्हणजे काय, हे फळ्याच्या आधी माझ्या हातांना कळलं होतं. तुम्ही पट्टी उचललीत. "उत्तर बरोबर हाय. पन ही शाळा हाय, कडब्याची गंजी न्हाई. हात म्होरं कर." उत्तर बरोबर येऊनही मार खाणारी त्या वर्गात मी एकटीच असेन.

आता मी निमोण्यात तिसरीलाच शिकवते. आणि ऐका, माझ्या वर्गात बोटं चालतात, चिंचोके चालतात, पाचुंदेही चालतात. सात पंचे पस्तीस घडाघडा म्हणणारी पोरं मी पुष्कळ पाहिली. पस्तीस चिंचोके पुढ्यात ओतून सात जणांना सारखे वाटायला सांगितलं, की ती माझ्या तोंडाकडे बघत बसतात. आकडा आधी हातात यावा लागतो, मग तोंडात. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात. मी ठेवणार. तुमचं चुकलंच.

वर्गात एक मुलगी आहे. बोटांवर मोजते, सावकाश मोजते, पण चुकत नाही. तरी दोन वर्षं तिच्या नावापुढे 'अप्रगत' असा शेरा आहे, आणि हल्ली तीच स्वतःला ढ म्हणायला लागली होती. परवा तपासणीला साहेब आले. त्यांनी तिला विचारलं, सत्तेचाळीस आणि सोळा किती? ती हात मागे बांधून उभी राहिली. जरा वेळानं म्हणाली, "त्रेसष्ट." साहेब खूश झाले, तोंडी हिशेब चांगला आहे म्हणाले, आणि शेरा बदलला. मी तिच्या मागेच उभी होते. पाठीशी तिची बोटं भराभर चालली होती.

साहेबांची गाडी गेल्यावर ती माझ्याजवळ आली. "बाई, आता हात म्होरं घिऊ का?"

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून लिहिते. हात मागे ठेव, असं तिला मीच सांगितलं होतं.