शाळेच्या मैदानातली हराळी

छत्रपती संभाजीनगर
२८ जून २०२५

ति. याडीस दिपाचा सा. न.

कामावरची माणसं गाठोडी बांधतायत आणि मी शाळेच्या पायरीवर बसून हे लिहितेय. दुपारी पाऊस झाला. तासाभरात सहाही जणांनी गावाला फोन लावले. पेरणी उरकायची आहे म्हणाले. मी अडवलं नाही. अडवून त्यांचं शेत पेरलं जाणार नव्हतं.

बागकामाचा हा माझ्या स्वतःच्या नावावरचा पहिला ठेका. सहा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढली. शाळेच्या मैदानावर लॉन करायचं आहे, कडेनं झाडं. पंधरा ऑगस्टला मुलं त्यावर बसली पाहिजेत. जमलं तर संस्थेच्या आणखी दोन शाळांचं काम मला मिळेल. नाही जमलं तर पुन्हा दुसऱ्याचा हात. निम्मं लॉन लागलंय.

तू वीस वर्षं खुरपणीची टोळी चालवलीस. पंधरा ऑगस्टपर्यंत काम सोडून उठणार नाहीत अशी आठ माणसं दे. फोनवर मी हो हो म्हणते आणि विसरते असं तुझं म्हणणं, म्हणून कागद.

माया आहे तेवढी राहू दे.
तुझी लेक दिपा

तांडा, पुसेगाव
३ जुलै

चि. दिपास अ. उ. आ.

याडी सांगून राहिली, शितल लिहून राहिली.

तू माणसं मागितलीस, मी बाया धाडून राहिले. गड्याला पाऊस दिसला का शेत दिसतं. बेबीबाई म्होरकी. बोलती लई, पण हात बोलण्याच्या पुढं. आठीजणीची पेरणी झाली. त्यांच्या सोयाबीनची खुरपणी मी करते, तांड्यातल्या उरलेल्या बाया घेऊन. म्हणून त्या निघाल्या, तुझं तोंड पाहून न्हाई.

निजायला दाराची खोली दे. कामाआधी चहा. आन् आवाज चढवू नको, तुझा आवाज तुझ्या बापावर गेला. माझ्या बाया तण ठेवत न्हाईत. तणाचं एक पेर जरी मागं राहिलं तर माझं नाव घेऊ नको.

खुशाली कळवत जा.
तुझी याडी

(ताई, हे सांगता सांगता त्यांनी खुरपी धारेला काढली. पासष्टाव्या वर्षी आठ शेतं. — तुमची वहिनी शितल)

छत्रपती संभाजीनगर
११ जुलै

ति. याडीस सा. न.

आवाज चढवला नाही. एवढं आधी कळवते.

बाया मंगळवारी पोचल्या. मी झाडं आणायला रोपवाटिकेत गेले होते. बेबीबाईला फोनवर सांगून ठेवलं की मैदानातलं तण काढून घ्या. परवा संध्याकाळी परतले. मैदान आरशासारखं. भिंतीशी गवताचा ढीग आणि ढिगापुढं कमरेवर हात ठेवून बेबीबाई. कोण्या आळशानं एवढी हराळी ठेवली होती, असं तिनं विचारलं. मुळासकट काढली, बघून घे म्हणाली.

याडी, ती हराळी म्हणजेच माझं लॉन. शहरात ती विकत आणून लावतात.

मी पायरीवर बसले. हळूच सांगितलं. कोणाला खरं वाटेना. हराळी कोण लावतं, असं म्हणून एक हसली, मग सगळ्या हसल्या, मग त्यांनी माझं तोंड बघितलं. बेबीबाईनं दिवस किती उरले ते विचारलं. पाच आठवडे म्हटलं. ती म्हणाली की हराळीला मारण्यात जन्म गेला, जगवायला पाच आठवडे लई झाले.

हराळी वाळू नये म्हणून ढिगावर ओली पोती टाकली. काल सकाळपासून त्या लावतायत. दोन पेरांचा तुकडा, चार बोटांवर एक, हळदीसारख्या सरळ ओळी. राहिलेलं निम्मं मैदानही लावायला धरलंय. चूक माझी. लॉन म्हणजे काय, ते मी सांगितलंच नव्हतं.

रागावली असलीस तरी लिही.
दिपा

तांडा, पुसेगाव
१७ जुलै

चि. दिपास अ. उ. आ.

तुझा कागद शितलकडून दोनदा वाचून घेतला. एक पेर ठेवलं न्हाई ना? मंग. बेबी माझ्याच हाताखालची हाय.

तू काहून घाबरतीस? हराळी उपटली, वाळवली, जाळली, तरी पुढच्या पावसाला हाजर. पाणी बराबर द्या. इथं बांधाशेजारचा कोंडीबा विचारून राहिला, पोरगी हराळी लावायचे पैसे घेती का. मी म्हटलं, व्हय, तुझ्या बांधावरली उपटून नेली तर तुझ्याकडूनबी घेईल.

पाच शेतं झाली, तीन राहिली.

जिवाला जप.
याडी

छत्रपती संभाजीनगर
१४ ऑगस्ट

सौ. शितलवहिनीस स. न.

याडी संध्याकाळच्या एसटीनं पोचली. मला पत्ता नव्हता, तुम्हाला होता, हे आता कळलं. अंधार पडलेला, म्हणून मैदान सकाळी बघते म्हणाली. बेबीबाईनं पाणीही न देता विचारलं की माझं सोयाबीन खुरपलं का. याडी म्हणाली, आठी शेतं झाली, घरी जाऊन तण सापडलं तर मला सांग.

आठहीजणी राहिल्या. नागपंचमीलाही कोणी गेली नाही. मला वाटायचं, माझ्या चहामुळं. बेबीबाई म्हणाली की चहा पाणचटच असतो, पण तिकडं शेत याडी बघून राहिली, मग इथून पळायचं कशाला. सहा वर्षं मी माणसं शोधत होते आणि त्यांचं शेत कोण बघतं ते कधी विचारलं नव्हतं.

संस्थेचे सचिव आज मैदान बघून गेले. दोन्ही शाळांचं काम दिलं. ते दिवाळीनंतर, सोयाबीन घरात आल्यावर सुरू करायचं आणि हळद काढणीच्या आत संपवायचं. तारखा बेबीबाईनं सांगितल्या, मी लिहून घेतल्या.

तुमचा लोभ असाच टिकवा.
दिपा

ता. क. १५ ऑगस्ट. याडी सहा वाजता मैदानात गेली. उकिडवी बसून तिनं हराळीचा झुबका धरला आणि ओढला. निघाला नाही. दोन्ही हातांनी ओढला. मग हात पदराला पुसून ती बेबीबाईशेजारी जाऊन उभी राहिली. आठला झेंडावंदन झालं. मुलं हराळीवर बसली.