कुंकवाखालचे आकडे

रंजीता,
पासबुक शोधू नको, माझ्याकडे आहे. नवं म्हणून काल हळदकुंकू लावलं, तर खातेनंबरचे शेवटचे आकडेच कुंकवाखाली गेले. चूक माझीच. तू कामावरून सुटेपर्यंत बँक बंद होते, म्हणून मीच सावली गावच्या बँकेत निघाले. नंबर तपासून पगाराचा फॉर्म आजच तू कामाला जातेस त्या वसतिगृहाच्या ऑफिसात देते, नाहीतर तुझा पहिला पगार माझ्या लेकाच्या, सुरेंद्रच्या खात्यात जाईल. "तिले वेगळं खातं काऊन पायजे?" म्हणत होता.
मी तळ्याची मासळी विकायची, पैसे तुझ्या सासऱ्यांच्या हाती जायचे. बांगड्या भरायच्या तरी मागावे लागत. काल पासबुकावर एकट्या तुझंच नाव तीनदा वाचलं.
भात शिजवून ठेवलाय. सुरेंद्रने विचारलं तर सांग, "मी नाई पाठवलं. आई स्वतःहून गेली, अन् गाणं म्हणत गेली."
आई