एका हातचं खाणं

आबा,

लिहायला फार उशीर झाला, माफ करा. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली. सातवीत शाळा सोडवलीत, त्यामुळे हात भरभर चालत नाही. आणि खरं सांगायचं तर राग एवढा होता की सुरुवात कुठून करावी ते कळत नव्हतं.

नंदाखाल गावातल्या आपल्या केळीच्या वाडीत अल्सेशियन कुत्रा होता. केळीचे घड चोरणारे कुत्र्याला विषाचं मटण टाकतात, म्हणून त्याने फक्त तुमच्याच हातचं खायचं, हा तुमचा नियम. तो शिकवायला तुम्ही माझा हात वापरलात. भाकरीत मिरचीपूड भरून माझ्याकडे दिलीत. "धर पुढे. रडतोस काय?" त्याने खाल्ली, ठसकला, डोळ्यांतून पाणी आलं. मला चावला नाही. दुसऱ्या दिवशी शेपूट हलवत अंगावर आला, पण भाकरी दाखवली की तोंड फिरवलं, ते कायमचं. तुम्ही गेलात तेव्हा नऊ दिवस मी त्याच्यापुढे ताटली घेऊन बसतोय आणि तो फाटकाकडे बघतोय. दहाव्या दिवशी तुमच्या पिंडाला कावळा लगेच शिवला. काही इच्छा राहिली नाही म्हणे तुमची. घरी आलो तर कुत्रा विहिरीपाशी मरून पडला होता.

आता तुळिंजच्या फ्लॅटमध्ये मुलाने बेल्जियन शेफर्ड आणली आहे. दिसायला अल्सेशियनची बहीणच, पण अंगाने हलकी. आपला अल्सेशियन एकदा दारात पसरला की हलायचा नाही. हिचं बूड टेकत नाही. घरातली चारही माणसं एका खोलीत जमली की मगच बसते, नात दाराकडे निघाली की टाच तोंडात धरते. दोन्ही जाती मेंढरं राखणाऱ्या. पण तो ओरडा खाऊन विसरायचा, ही दोन दिवस पलंगाखालून निघत नाही. घरात पाळायला तोच बरा होता. ही माझ्यासारखी, सदा धास्तावलेली.

आणि तिला मी काय केलं? तिनेही फक्त माझ्याच हातचं खावं म्हणून मिरचीची चपाती नातीच्या हातात दिली. सून म्हणाली, "बाबा, दुसऱ्या मजल्यावर राखायचं काय आहे? तुमची कवळी?" तुमचा नियम, एवढंच माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात माझं ऑपरेशन आहे. परत येईन की नाही, कोण सांगणार. म्हणून आठ दिवस हिच्या जेवणाच्या वेळी मी जिन्यात जाऊन बसतो आणि आत नात ताटली धरून बसते. रोज ताटली तशीच परत. काल आतून चाटल्याचा आवाज आला. नात धावत आली. "आजोबा, खाल्लं तिने. सगळं."

मी "शाब्बास" म्हणालो. पण आबा, मनात आनंद नव्हता. माझ्याशिवाय खाल्लं, याचाच राग आला. तुमचाच मुलगा.

हे कुठे टाकायचं ते माहीत नाही, उशीखाली ठेवतो. आपला अल्सेशियन तिथे पोचला का, खातो का, एवढं कळवा. ऑपरेशनच्या आधी कळवा.