मोजलंस ना आधी?

ती. आत्या,

नमस्कार. मी ठीक आहे. तूही ठीक असशील असं धरून चालतो, कारण तुला नुसती शिंक आली तरी तुझा बारक्या तोंड पाडून ऑफिसात येतो आणि मग सगळं ऑफिस तुझी चौकशी करतं. या आठवड्यात त्याचं तोंड जागेवर आहे. आतोबांना नवा चष्मा मिळाल्याचं कळलं. बारक्याने फोटो दाखवला. मला कुणी पाठवला नव्हता. (तक्रार नाही. नोंद आहे.)

हाताने लिहिलेलं पत्र पाहून दचकू नकोस. मेलवर लिहिलेलं काहीही तुझा मुलगा पापणी लवायच्या आत शोधून काढू शकतो. तेच त्याचं काम आहे. माझंही तेच आहे, पण हे तुला बहुधा कुणी सांगितलेलं नाही, म्हणून सांगतो. तू शाळेच्या ग्रंथालयात होतीस, तुला लगेच कळेल. कंपन्यांकडे वर्षानुवर्षांचे मेल साठतात. कोणता शब्द कोणत्या मेलमध्ये आहे याची सूची करून ठेवली की हवा तो चटकन सापडतो. तुझं कार्डांचं कपाट होतं तसंच, फक्त हे दिसत नाही. हे कपाट बारक्याने बनवलं, तेही अशा जुन्या, कडक भाषेत की एक टिंब चुकलं तरी मशीन तोंड फिरवतं. ती भाषा सगळ्यांना येत नाही. म्हणून पायथन नावाच्या सोप्या भाषेतून त्या कपाटाचे खण उघडता यावेत अशी सोय मी केली. तिला बाइंडिंग म्हणतात (पुस्तकाला करतात ते नव्हे, तुला वाटेल मी डिंक लावत बसतो). थोडक्यात, विहीर त्याची, रहाट माझा. लोक पाणी पितात आणि विहिरीचं कौतुक करतात. रहाट करकरला की मला हाक मारतात.

ऑफिसात त्याला दादा म्हणतात. तो माझ्याहून लहान आहे हे निदान तुला तरी माहीत आहे. मला ‘अहो’ म्हणतात. त्याच्या टेबलावर न मागता चहा येतो. मी मागितला की ‘दादांना पण सांगू का?’ असं विचारतात. आम्ही एकाच दुकानातून एकाच दिवशी कुंडीतली झाडं आणली. त्याचं खिडकीतून बाहेर निघालंय. माझ्या कुंडीत आता पेनं असतात. हे आजचं नाही, आत्या. तू आम्हाला एकाच कापडाचे शर्ट शिवायचीस. त्याच्या अंगावर शर्ट दिसायचा, माझ्या अंगावर कापड दिसायचं. मी तेव्हाही काही बोललो नव्हतो.

बाइंडिंगची चाचणी ऑफिसच्याच मेलवर घ्यायची असते. (परवानगी आहे.) मी माझं नाव शोधलं. एका मेलमध्ये मी पंखा चालू ठेवून गेल्याची तक्रार होती. दुसऱ्यात तीच तक्रार, जाड अक्षरांत. मग सहज म्हणून ‘दादांचा भाऊ’ असं शोधलं. रहाट फिरतच राहिला. दादांच्या भावाला विचारा. दादा रजेवर असले तर त्यांचा भाऊ आहे. हे दादांना नको, भावाला द्या. कुठेही न अडखळता संदेशामागून संदेश येत होते. इतकी यशस्वी चाचणी त्याआधी झाली नव्हती. मी जेवायला गेलो नाही.

आता मुख्य गोष्ट. आमच्या ऑफिसच्या मॅडमना गटप्रमुख नेमायचाय. माणसं दोनच आहेत, एक तो आणि एक मी. एका वकीलबाईंना आमची करामत दाखवायची होती आणि ते काम मॅडमनी मला दिलं, बारक्याला नाही. बाईंचा खटला गोदामाच्या छपराचा आहे. छप्पर गळतंय हे मालकांना आधीपासून माहीत होतं का, एवढंच त्यांना मेलमधून काढायचं होतं. म्हणजे ‘गळती’ हा शब्द शोधायचा आणि सापडलेले मेल एकेक करून पडद्यावर आणायचे. मी ते शंभरदा करून पाहिलं होतं. पण त्या दिवशी सकाळी माझ्या मनात आलं की बारक्याने मागे असंच काही दाखवलं तेव्हा त्याच्या पडद्यावर आकडा नव्हता. किती मेल सापडले ते आधी मोठ्या अक्षरांत यावं आणि मग मेल यावेत. त्याच्याकडे नाही ते माझ्याकडे असावं, एवढीच इच्छा. मी एक ओळ वाढवली.

इथे थोडं ग्रंथालय. शोध घेतला की संदेश गठ्ठ्याने मिळत नाहीत. काउंटरवरून कुणीतरी एकेक कार्ड पुढे सरकवावं तसे येतात. एक पाहिलं की पुढचं. मागे जाता येत नाही. पुन्हा पाहायची असतील तर शोधच पुन्हा घ्यावा लागतो. मोजायचं म्हणजे तरी काय, सगळी कार्डं पुढे सरकवायची. मोजून झालं की काउंटर रिकामा. ही सूचना बारक्याने माहितीच्या पानावर पहिल्याच परिच्छेदात चौकट करून लिहिली आहे. पण त्याचं लिखाण मी वाचत नाही.

तर पडद्यावर आकडा आला. भला मोठा. बाईंच्या भुवया वर गेल्या, मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. तेवढा क्षण मी पुरेपूर जगलो, आत्या. मग मी कळ दाबली आणि पडदा रिकामा. पुन्हा दाबली. रिकामाच. मी हसलो (हसायला नको होतं). बाईंनी पेनाचं टोपण काढलं. “म्हणजे एवढे मेल होते आणि आता नाहीत? पुसलेत का तुम्ही?” वकिलाच्या तोंडी हा प्रश्न कसा वाटतो ते तुला सांगून कळणार नाही. पुरावा नष्ट करणे याला काय शिक्षा असते, हे मी मनातल्या मनात आठवू लागलो. मॅडम म्हणाल्या, “अहो, बोला काहीतरी.” मी म्हणालो, “आहेत. आतच आहेत.” “आत म्हणजे कुठे?” मी पुन्हा कळ दाबली.

तेवढ्यात बारक्या आला. चार्जर मागायला आला होता. त्याने पडदा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाला, “मोजलंस ना आधी?” एवढंच. मग कीबोर्ड स्वतःकडे ओढला, मोजणीच्या खाली शोध पुन्हा घ्यायची एक ओळ टाकली, टेबलामागची केबल उगाच हलवली आणि बाईंना म्हणाला, “सॉरी हं, केबल सैल होती.” गळतीचे मेल पडद्यावर धो धो आले. बाई खूश झाल्या. मॅडम त्याला दारापर्यंत सोडायला गेल्या. परत येताना कौतुकाने म्हणाल्या, “दादांना हार्डवेअरमधलंही कळतं.”

आता सांग. त्याने माझी चूक चव्हाट्यावर मांडली असती तर मी त्याला उभ्या जन्मात माफ केलं नसतं आणि सुखाने राहिलो असतो. त्याने माझ्यासाठी खोटं बोलून माझी ती सोयही काढून घेतली. जिन्यात त्याला गाठून म्हटलं, “केबल कशाला मध्ये आणलीस?” तर म्हणतो, “अरे, काहीतरी सांगायला हवं होतं ना. आणि आकड्याची कल्पना भारी होती, मला सुचली नसती.” हे तो मनापासून म्हणाला. तो सगळंच मनापासून म्हणतो. याच्याशी भांडायचं तरी कसं, हे तू त्याची आई असूनही कधी शिकवलं नाहीस.

येत्या गुरुवारी वकीलबाई आपल्या वरिष्ठांना घेऊन येणार आहेत. दाखवायचं मलाच आहे. ते झालं की मॅडम नाव जाहीर करणार. माझा प्रोग्रॅम आता व्यवस्थित चालतो. मला कुणाची गरज नाही.

आतोबांना नमस्कार सांग. त्यांना चष्मा छान दिसतो, हे दुसऱ्याच्या फोनवर पाहूनही सांगता येतं.

तुझा थोरला भाचा

ता. क. एक छोटंसं काम आहे. गुरुवारी सकाळी अकराला बारक्याला फोन कर आणि अर्धा तास सोडू नकोस. तुझा फोन असला की तो बाहेर जिन्यात जाऊन बोलतो आणि तू थांबेपर्यंत ठेवत नाही. विषय काहीही चालेल. त्याच्या लग्नाचा काढलास तर अर्धा तास कमीच पडेल. तेवढ्या वेळात मी बाईंना दाखवून मोकळा होतो. त्याने चार्जर मागायला येऊ नये, एवढंच बघ. आणि हे मी सांगितलं असं सांगू नकोस.

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलंय. वर ‘व्यवस्थित चालतो’ असं लिहिलं ते बहुतेक वेळा खरं आहे. पण शोध मिटून टाकला (म्हणजे काउंटरच बंद केला) की त्यातून काढलेले संदेशही त्याच्याबरोबर जातात, आणि माझ्याकडून तो कुठेतरी लवकर मिटला जातोय. मग सगळंच बंद पडतं. कुठे ते मला सापडत नाही. बारक्याला एका नजरेत सापडेल, म्हणूनच मी त्याला दाखवलेलं नाही. तर अर्धा तास नको. दहा मिनिटं पुरेत. लग्नाचा विषय काढू नकोस, तो चिडून खाली चहाला निघून जाईल. आणि फोन ठेवताना त्याला म्हण, जिन्यातच उभा राहा, दाराजवळ, आतून हाक ऐकू येईल असा.