तोंड रस्त्याकडे

नॉर्समन, २ मे १९९३

चि. डॉरीनला विनीताईचे अनेक आशीर्वाद.

आधी खुर्चीत बस, मग वाच. आमची कॅराव्हॅन, गाडीमागे जोडलेलं ते फिरतं घर, सध्या मी चालवते आहे! एस्पेरन्सला पोचेपर्यंत मर्विनची नजर इतकी अधू झाली, की तिथल्या डॉक्टरांनी यापुढे स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. ग्रॅहमला फोन केला, तर आमचे चिरंजीव म्हणतात, तुम्ही विमानाने या, गाडी मी घेऊन येतो आणि विकून टाकतो. गिऱ्हाईक तयार आहे. मर्विनचा पडलेला चेहरा पाहिला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की गाडी मी घरी आणते. त्यावर ग्रॅहमने अट घातली. ओरखडा न पाडता घराच्या फाटकातून आत आणलीस, तर विकण्याचं नाव काढणार नाही.

आजवर मी चर्च आणि बाजार यापलीकडे गाडी नेलेली नाही, हे तुला ठाऊक आहे. पण मोकळ्या रस्त्यावर काय मजा येते म्हणून सांगू! समोरून येणारे कॅराव्हॅनवाले स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून ओळख देतात. मीही आता ऐटीत बोट उचलते.

घोडं अडलं ते मुक्कामाला. संध्याकाळी तळावरची मंडळी घडीच्या खुर्च्या टाकून, हातात बिअर घेऊन, नवी आलेली गाडी कशी उलटी लागते ते बघत बसतात. फुकटचा तमाशा. मर्विन नेहमीच्या रुबाबात मागे उभा राहून ये, ये, अजून ये असे हात करत होता. लग्नापासून त्याचं ऐकत आले, तसं कालही ऐकलं. मागचा नळ त्याला दिसलाच नव्हता. नळ तुटला, कारंजं उडालं, पहिल्या रांगेची आंघोळ झाली. बंपरच्या रबरामुळे ओरखडा तेवढा वाचला. खरं सांगते, माझा धीर सुटलाय. पत्र सेडूनाच्या पोस्टात पाठव, तिथे मागून घेईन.

तुझी,
विनीताई

लॉन्सेस्टन, ७ मे

ती. विनीताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतकी हसले, की शेजारीण विचारायला आली. भावोजींना सांग, गावाला पाणी पाजणं हे पुण्याचंच काम आहे.

पण ताई, तुझं मला नवल वाटतं. बाबांच्या गोठ्यावर दुधाच्या कॅनची ट्रॉली ट्रॅक्टरने उलटी कोण लावायचं? बाबा दोनदा फाटकाला धडकवायचे आणि मग तुला हाक मारायचे. तेव्हा तू पंधरा वर्षांची होतीस, आणि मागे उभं राहून हात करायला कोणी नव्हतं. लग्नानंतर मर्विनभावोजी स्टिअरिंगवर बसले आणि तू ते पार विसरून गेलीस. आरशात बघ आणि गोगलगायीसारखी मागे घे. भावोजींना चहाच्या कामाला लाव.

ग्रॅहमची जिरव. गाडी विकलीत तर मी कधीच तुमच्याबरोबर येऊ शकणार नाही, हा माझा स्वार्थही त्यात आहे. भावोजींना नमस्कार. लोभ आहे, तो वाटेत सांडू देऊ नकोस.

तुझी,
डॉरीन

सेडूना, १२ मे

चि. डॉरीनला अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं, आणि त्याच संध्याकाळी गाडी एका दमात लागली! खुर्च्यांवरून टाळ्या पडल्या. एका म्हाताऱ्याने तर माझ्यासाठी खुर्चीच मोकळी केली. बाबांचा गोठा हातांच्या लक्षात होता गं, डोकं तेवढं विसरलं होतं. किडीच्या भीतीने इथल्या नाक्यावर फळं पुढे नेऊ देत नाहीत, म्हणून आधीच आम्ही पिशवीभर संत्री खाऊन टाकली. माझं पोट आणि आनंद दोन्ही टम्म फुगले होते.

पण मर्विन. मी सांगितलं म्हणून चहा ठेवायला गेला आणि पाठ फिरवून बसला. टाळ्या थांबल्यावर हळूच म्हणाला, "आता मी सामानातच जमा ना?" गाडी वाचवून नवरा हरवला तर काय करायचं ते घर? तू सांगितलेलं सगळं बरोबर होतं, फक्त ते चहाचं चुकलं.

तुझी,
विनीताई

क्लेअर, १७ मे

चि. डॉरीनला अनेक आशीर्वाद.

पोचलो! गल्लीत बातमी आधीच फुटली होती. शेजाऱ्यांनी खुर्च्या मांडल्या होत्या आणि ग्रॅहम हाताची घडी घालून फाटकाशी उभा होता. ते दगडी खांब तुला आठवतातच. गाडी उलटी आत घेऊ लागले, तर उजवा खांब झाडाच्या सावलीत गडप, आरशात काही केल्या दिसेना. मी गाडी थांबवली, खाली उतरले, मर्विनला त्याचा पांढरा शर्ट घालायला लावला आणि त्या खांबाला टेकवून उभं केलं. हात करायचे नाहीत, हलायचं नाही, असं बजावलं. तो म्हणाला, मला काही दिसत नाही, मी इथे कशाला? मी म्हटलं, "तुला दिसत नसलं म्हणून काय झालं? मला तू दिसतोस ना."

मग आरशात नुसता तो पांढरा शर्ट बघत मी गाडी मागे घेतली. एवढं धूड अंगावर येत होतं, पण पठ्ठ्या तसूभर हलला नाही. त्याच्या माझ्यावरच्या विश्वासाने मला रडूच आलं, पण आरसा धूसर होऊन चालणार नव्हता, म्हणून गाडी आत लागल्यावर रडले.

ग्रॅहमने चहूबाजूंनी फिरून पाहिलं. ओरखडा नाही. मग कुरकुरत म्हणाला, बाबा तर सरळच आत घालायचे, तू कशाला उलटी घालायचा घाट घातलास? मी बोलायच्या आत मर्विन, त्याच खांबाला टेकून, म्हणाला, "तोंड रस्त्याकडे हवं. आम्हाला सप्टेंबरात डॉरीनला आणायला जायचंय."

बॅग भरायला घे.

तुझी,
विनीताई

ता. क. येताना पांढरा सदरा आण. डाव्या खांबासाठी तू.