गावाकडच्या बाई

सिंदेवाही,
१२ डिसेंबर १९८६

प्रिय,

नुसतं 'प्रिय' लिहून कितीतरी वेळ थांबले. पुढं नाव घालायचं म्हटलं की माझा हात अडतो. तुमच्या जहाजावर शेंबडी पोरंसुद्धा तुमच्या छातीवरची पट्टी वाचून 'श्रीहरी, पानी लाओ' म्हणायची, आणि त्या सगळ्या जहाजावर तुमचं नाव न घेणारी मी एकटी होते. लोकांच्या तोंडचं नाव लिहिता येतं, आपलं म्हणून नाही, तेव्हा ते राहू द्या. पत्र तुम्हालाच आहे हे तुम्हाला कळतं, तेवढं पुरे.

तुमचं पत्र येऊन आठवडा झाला. जहाजावर भेटलेले नागपूरचे साहेब आणि त्यांच्या बाई जानेवारीत ताडोबा बघायला येताहेत, परतताना आपल्या घरी एक वेळ जेवतील, आणि तुम्हीही सुटी काढून त्यांच्यासोबत येणार, हे वाचलं. साहेब खुश झाले तर नागपुरातल्या त्यांच्या नव्या हॉटेलचा जेवणाचा हॉल तुमच्या हाती येईल, हेही वाचलं. म्हणजे समुद्र सुटला, नागपूर आलं. इथून सकाळच्या एसटीत बसलं की दुपारी तुमच्या दारात. लग्न झाल्यापासून मी दुसरं काय मागत होते? मला तर नाचावंसं वाटायला पाहिजे होतं. पण पत्राच्या शेवटी तुम्ही जी एक गोष्ट मागितली आहे, तिच्यामुळं मन थाऱ्यावर नाही. हो म्हणावं तर जीव होत नाही, आणि नाही म्हणावं तर तुमची नोकरी माझ्या पायी जाते की काय, ही धास्ती. धान कुटायला बसते ते उठते, उठते ते परत बसते. काल भात करपला.

तशी इकडची मंडळी बरी आहेत. धान घरात आलं. या वर्षी इथल्या धान संशोधन केंद्रातून आणलेलं बियाणं चांगलं उतरलं. वारलूभाऊजी रोज संध्याकाळी वडशाला पळतात, कोणत्याशा नाटक कंपनीत त्यांना पडदे ओढायला घेतलं आहे. आत्याबाईंचे गुडघे थंडीनं धरले आहेत, तेल चोळून देते. त्या विचारतात, पोरगा कधी येते. मी सांगते, येणार आहेत. मग त्या विचारतात, मग तुहं तोंड काऊन असं?

तोंड असं का, ते सांगायला मला मागच्या फेब्रुवारीपर्यंत जावं लागेल. कंपनीनं तुम्हाला घरच्या माणसासाठी पास दिला आणि तुम्ही मला समुद्र दाखवायला बोलावलं. वारलूभाऊजींनी बल्लारशाला बायकांच्या डब्यात बसवून दिलं. कोचीनला तुम्ही घ्यायला आलात, पांढऱ्या कपड्यात, आणि मला एकदम लाज वाटली, इतके तुम्ही देखणे दिसत होता. धक्क्यापर्यंत तुम्ही मला नियमच सांगत होता. जेवणाची घंटा झाली की जायचं, आधी जाऊन उभं राहायचं नाही. टेबलाचा नंबर ठरलेला, खुर्ची ठरलेली. रुमाल मांडीवर घ्यायचा. आपलं ताट आपण उचलायचं नाही. काटा आणि सुरी फुलीसारखी ठेवली तर अजून जेवायचं आहे, जोडून ठेवली तर ताट न्या. आणि सगळ्यात शेवटी, आवाज खाली करून तुम्ही म्हणालात की जहाजावर मी प्रवासी आणि तुम्ही नोकर, तेव्हा ओळख दाखवायची नाही, कंपनीचा नियम आहे. मी मान डोलावली. नियम म्हणजे नियम.

पहिल्या जेवणाला मी फार अवघडले. घरी तुमचं जेवण झाल्याबिगर मी कधी ताटावर बसले नाही, आणि तिथं मी खुर्चीवर आणि तुम्ही पाठीमागं हाताची घडी घालून उभे. तुम्ही 'मॅडम, और चावल?' म्हणालात तेव्हा मला हसूही आलं आणि रडूही आलं. तुम्हाला वाटलं असेल, ही काट्यानं जेवायला घाबरते, म्हणून इतका वेळ लावते. घाबरत नव्हते हो. फुली मोडली की तुम्ही ताट घेऊन जाल, म्हणून मी काटा-सुरी जोडतच नव्हते. जेवणाचा तो हॉल, तुमचं ते सलून, सगळं रिकामं व्हायचं आणि मी आपली थंड बटाटे चिवडत बसलेली. तुम्ही दुरून डोळे मोठे करायचे. तेवढं तरी माझ्याकडं बघायचे.

आणि ते लुगडं. आठवलं की अजून कान गरम होतात. धुतलं कापड वाळवायला इतका वारा, इतकं ऊन, कठड्याला बांधून टाकलं मी हिरवं पातळ. भोंग्यातून हिंदीत आणि इंग्रजीत सूचना झाली की प्रवाशांनी कठड्यावर कपडे वाळवू नयेत. सगळे वर बघतात तर माझं पातळ झेंड्यासारखं फडफडतंय. तुम्हीच ते सोडायला आलात, माझ्याकडं न बघता घडी करून माझ्या हातात दिलंत आणि 'प्लीज मॅडम' म्हणालात. मी खोलीत जाऊन हसले. मनात म्हटलं, घरी गेल्यावर हे मला या पातळावरून जन्मभर चिडवतील. तुम्ही अजून एकदाही चिडवलं नाही.

खोलीतली माझी सोबतीण आठवते ना? तुमच्याच सलूनमध्ये तुमच्यासारखंच वाढणाऱ्या त्या केरळी स्टुअर्डची बायको. तीही माझ्यासारखीच पासावर आलेली. खालचा पलंग तिचा, वरचा माझा, मधे ती न उघडणारी गोल खिडकी. तिला हिंदी येत नव्हतं, मला तिची भाषा येत नव्हती, पण बायकांचं काही अडत नाही. तिचा नवरा कामातून सुटला की दाराशी यायचा, तिच्या ट्रंकेवर बसायचा, केळ्याचे वेफर खायचा. एकदा त्यानं तिला सलूनमध्ये एका गोऱ्या जोडप्यापुढं उभं केलं आणि म्हणाला, 'माय वाइफ.' ते गोरे उठून उभे राहिले, तिचा हात हातात घेतला. एवढं इंग्रजी मला येतं. मी त्या दिवशी जिन्यात तुम्हाला गाठून विचारणार होते की त्याला नियम नाही का. तुम्ही ट्रे घेऊन चालला होता. घाईत होता. मी स्वतःला समजावलं की त्याची नोकरी जुनी असेल.

आता ती दुपार. समुद्र खवळला होता, टेबलावरच्या बशा इकडून तिकडं सरकत होत्या, अर्धी मंडळी खोलीत लोळत पडलेली. आपल्या टेबलावर मी आणि नागपूरचे साहेब नि बाई. मराठी माणसं एका टेबलावर बसवली होती ना. तुम्ही सूपचं भांडं घेऊन आलात आणि जहाज कललं. भांडं तुमच्या हातावर येताना मला दिसलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'अहो, सांभाळा, हात भाजंल.' निघून गेलं हो. ते काय ठरवून निघतं? नागपूरच्या बाईंनी चमचा खाली ठेवला आणि हसून मला विचारलं, 'अहो? हे तुमचे कोण हो?' त्या बाईमाणूस होत्या, त्यांना त्या 'अहो'मधलं बरोबर ऐकू आलं. मी तुमच्याकडं पाहिलं. तुमचं मनगट लाल झालं होतं. आणि तुम्ही म्हणालात, 'आमच्या गावाकडच्या बाई आहेत, मॅडम. आमच्याकडं सगळ्यांना असंच म्हणतात.'

साहेब किती खुश झाले. गावच्या एका गरीब बाईला समुद्र दाखवायला आणणारा माणूस म्हणजे काय मोठं मन, असं ते म्हणाले. तुमच्या पाठीवर थाप मारली. तिथूनच त्यांच्या हॉटेलची गोष्ट निघाली, आठवतं? मी सूप प्यायले. तुम्हीच वाढलेलं. तुमच्या मनगटाला मी हात लावू शकले नाही, की थंड पाणी टाका म्हणू शकले नाही, कारण गावाकडच्या बाईला तो काय अधिकार? त्या जेवणाला मी काटा-सुरी जोडून ठेवली आणि उठले.

मी रागावले नाही असं तुम्हाला वाटलं असेल. धक्क्यावर तुम्ही मला केळ्याचे वेफर घेऊन दिले आणि मी घेतले. गाडीत बसल्यावर बल्लारशा येईपर्यंत मी एकच हिशेब लावत होते, की माझ्यात असं काय आहे जे दाखवता येत नाही. रंग म्हणावा तर ती केरळीण माझ्याहून काळी. शिक्षण म्हणावं तर मी सातवी पास, ती सहीपुरती. पातळ कठड्यावर वाळवलं ते म्हणाल तर तुम्ही मला आधीच ओळख दाखवू नको म्हणाला होता, पातळ नंतर वाळलं. म्हणजे मी तिथं कशी वागते ते बघायच्या आधीच तुम्ही ठरवून बसला होता. मले त्याचंच जास्त लागलं. राग आला की माझं लिहिणं असं आपल्या बोलीत येते, येऊ द्या.

आणि आता हे पत्र. तुम्ही लिहिता की साहेबांना खोटं बोलणारा माणूस चालत नाही, म्हणून एकदा सांगितलं तेच पुढं चालू राहू दे. पाहुणे येतील तेव्हा मी जेवण करावं, वाढावं, गावाकडची बाई म्हणूनच वावरावं, एका दुपारचा तर प्रश्न आहे. नोकरी पक्की झाली की हळूहळू सांगता येईल. आणि मायला सांगून ठेव, त्या दिवशी हिला सूनबाई म्हणू नको. माझ्याच घरात, माझ्याच चुलीपुढं.

हे मी आत्याबाईंना वाचून दाखवलं. दाखवणार नव्हते, पण त्या माझ्या तोंडाकडं बघत बसल्या होत्या. गुडघा चोळता चोळता त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, 'सून नाई म्हनू त काय म्हनू? कामवाली म्हनू?' आणि पदर डोळ्याला लावला. पोरगा जवळ यावा म्हणून माझ्यापेक्षा त्याच जास्त झुरतात, तरी त्या मला हो म्हण असं म्हणाल्या नाहीत.

मी आठवडाभर स्वतःला हो म्हणायला लावून पाहिलं, खरंच. एक दुपार, चार पानं, तोंड मिटून वाढायचं, मग नागपूर. लाखोरीची डाळ, तळ्यातले मासे, तांदळाची भाकर, सगळा बेतही मनात मांडला. पण वाढताना तुमच्या पानाशी आले की तुम्हाला काय म्हणू, तिथं माझं गाडं अडलं. 'अहो' म्हणायचं नाही. 'श्रीहरीभाऊ' म्हणू? ते तोंड मला नाही. आणि नागपूरला बिऱ्हाड मांडल्यावर त्याच बाई भाजीच्या दुकानात भेटल्या, तर तेव्हा मी कोण? तुमचं हळूहळू कधी यायचं?

म्हणून तुम्हाला न विचारता मी एक गोष्ट केली, आणि तीच सांगायला हे पत्र लिहिते आहे. जहाजावरून उतरताना नागपूरच्या बाईंनी मला त्यांचा पत्ता दिला होता, कधी आलीस तर ये म्हणून. काल मी त्यांना कार्ड टाकलं. पाकीट नाही, कार्डच, पोस्टमन वाचो की गाव वाचो. लिहिलं की त्या दिवशी सूपच्या वेळी तुम्ही विचारलं होतं हे तुमचे कोण, त्याचं उत्तर माझ्याकडून राहिलं. हे माझे यजमान. तुम्ही दोघं आमच्या घरी जेवायला अवश्य या, आम्ही दोघं आणि माझ्या सासूबाई वाट बघतो. एवढंच लिहिलं, तुमच्याबद्दल वाकडा शब्द लिहिला नाही. कदाचित साहेब हसून सोडून देतील, कदाचित येणारही नाहीत, आणि नागपूर जाईल. रात्री झोप नाही, हे खरं आहे. पण त्यांना कळलं आणि तुम्हाला माहीत नाही, असं व्हायला नको. नोकरी गेली तर माझ्यावर रागवा. सुटी काढून या आणि इथं अंगणात उभं राहून रागवा, चारचौघांसमोर, बायकोवर रागवतात तसं.

तुमचीच,
कमळा