तक्त्यातले एकशेचाळीस

सोमवार, ३
नवं घर, नवं काम, आणि खिडकीशी माझी स्वतःची खाट! सूनबाईंना आठवा लागलाय. रक्तदाब वरखाली होतो, म्हणून डॉक्टरांनी घरीच नर्स ठेवायला सांगितलं. सकाळ-संध्याकाळ पोटाला जेल लावून यंत्र फिरवायचं, बाळाचे ठोके मोजायचे, तक्त्यात भरायचे. आवाज ऐकून सासूबाई म्हणाल्या, अगं बाई, आत घोडा सोडलाय की काय कुणी! सूनबाई एवढ्या हसल्या की यंत्र पोटावरून घसरलं. मला त्या मावशी म्हणतात. ठोके १४०. बाळ छान.

बुधवार, ५
काल दोन्ही वेळा १४०. आज दोन्ही वेळा १४०. बाळाचे ठोके असे रांगेत उभे राहत नाहीत. हललं की पळतात, झोपलं की मंदावतात. यंत्र बिघडलं असावं. सासूबाई म्हणाल्या, शिस्तीचं दिसतंय, म्हणजे बापावर गेलेलं नाही.

शुक्रवार, ७
नवं यंत्र आणवलं. १४०. सहज माझ्या उशीवर टेकवलं. १४०.
लिहूनच टाकते. मागच्या घरी बाई सकाळीच म्हणाल्या होत्या, सिस्टर, आज बाळ हलत नाहीये. मला निघायची घाई होती. झोपलं असेल म्हणाले, आणि यंत्र न लावताच तक्त्यात लिहिलं, १४०, बाळ छान. दुसऱ्या दिवशी मूल मेलेलंच जन्मलं. मुलगी. तक्ता पाहून मला कुणी बोललं नाही. त्यांनाच सगळे म्हणाले, आई असून तुला कळलं कसं नाही?

शनिवार, ८
यंत्र बंद आहे. तरी उशीतून ठोके येतात. हट्टाला पेटलेलं मूल पाय आपटतं, तसे.

रविवार, ९
सूनबाई नाश्ता करून डाव्या कुशीवर पडल्या होत्या. म्हणाल्या, मावशी, दोन तास झाले, एकदाही हललं नाही.
आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला, असं म्हणायला तोंड उघडलं. निघालं ते, १४०, बाळ छान. पुन्हा तेच. तक्त्यात 'धोका' लिहायला गेले, हातानं १४० लिहिलं. सासूबाई निर्धास्त होऊन आत निघाल्या. मी त्यांच्या चपला आणून पायाशी ठेवल्या. सूनबाईंना दंडाला धरून उठवलं. रडत होते आणि म्हणत होते, छान, छान —
सूनबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग सासूबाईंना म्हणाल्या, आई, यांचं ऐकू नका, यांचा चेहरा बघा. गाडी बोलवा.

दुपारी
घरी मी एकटीच. सासूबाईंचा फोन आला. सिझेरियन झालं. नात झाली, दवाखाना डोक्यावर घेतलाय म्हणे. अर्धा तास उशीर झाला असता तर डॉक्टरांच्याही हातात काही नव्हतं.
ओक्साबोक्शी रडले. वाटलं, फिटलं एकदाचं.

थोड्या वेळाने
फिटलं नाही. ठोके आता माझ्या छातीत. मागच्या घरची ती मुलगी पाय आपटतेय. डावा हात जड — घाम —

डॉक्टरांना फोन लावला. काय होतंय विचारलं. मी म्हणाले, छान. पुन्हा लावला. छान. मग आराम करा म्हणाले.

शेजारणीचं दार वाजवलं. तिनं विचारलं, बाळ कसंय? मी छातीवर हात ठेवून — छान. गोड बातमी म्हणाली. दार लावलं.

या वहीतच तेवढं खरं उतरतंय. पण वही वाचायला कोण —

तिला काय हवंय ते कळलं. लगेच मारणार नाही. तिच्या आईसारखं मी सांगत राहायचं, आणि एकाही माणसानं ऐकायचं —